विश्लेषण : पर्यावरणाचे प्रशिक्षण ‘पूर्ण’, तरी एसी १८ वरच! कर्मचाऱ्यांच्या सवयी बदलणारी ‘पर्स्युएसिव्ह डिझाइन’ पद्धत काय आहे?

चित्रफीत सुरू करायची, दुसऱ्या खिडकीत ईमेल पाहायचे, ‘पुढे’चे बटण दाबत राहायचे, शेवटी दहा प्रश्न सोडवून प्रमाणपत्र डाउनलोड करायचे. पर्यावरणविषयक ऑनलाइन प्रशिक्षणाचा हा अनुभव आता बहुतेक मोठ्या कार्यालयांत येतो. दुसऱ्या दिवशी बैठकीच्या खोलीतला एसी १८ वरच असतो आणि कोणी नसताना दिवेही चालू असतात. माहिती दिली की माणूस वागणे बदलतो, या गृहीतकाला गेल्या काही वर्षांतील प्रयोगांनी बराच धक्का दिला आहे. त्याऐवजी वागण्याच्या नेमक्या क्षणी मन वळवणारी रचना उभी करायची, हा विचार पुढे येतो आहे. तो कितपत चालतो आणि त्यात कर्मचाऱ्यासाठी कोणते धोके आहेत?

मन वळवणारी रचना म्हणजे काय?

‘पर्स्युएसिव्ह डिझाइन’ ही संज्ञा रूढ होण्यात स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधक बी. जे. फॉग यांचा मोठा वाटा आहे. संगणक आणि नंतर मोबाइल माणसाचे वागणे कसे घडवतात, याविषयी त्यांचे पुस्तक २००३ मध्ये आले. २००९ मध्ये त्यांनी एक साधे प्रारूप मांडले. कोणतेही वागणे घडायला तीन गोष्टी एकाच क्षणी जुळाव्या लागतात : इच्छा, ते करण्याची सोय आणि आठवण करून देणारा इशारा. यातले एक जरी नसले तरी वागणे घडत नाही.

बैठकीच्या खोलीतल्या एसीचेच पाहा. वीज वाया जाऊ नये असे जवळपास सगळ्यांनाच वाटते, म्हणजे इच्छा आहे. पण रिमोट कुठे आहे ते कोणाला माहीत नसते, म्हणजे सोय नाही. बैठक संपताना सगळ्यांचे लक्ष पुढच्या कामाकडे असते, म्हणजे इशाराही नाही. नेहमीचे प्रशिक्षण या तिन्हींपैकी फक्त इच्छेवर काम करते, आणि ती तर आधीपासूनच असते! दाराशी रिमोटचा कप्पा लावणे किंवा खोलीच्या आरक्षणाची वेळ संपताच एसी आपोआप बंद होण्याची सोय करणे हे तासाभराच्या व्याख्यानापेक्षा स्वस्त आणि बहुधा जास्त उपयोगी ठरते.

याच विचाराचे दुसरे, अधिक प्रसिद्ध नाव ‘नज’, म्हणजे हलकासा धक्का. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टाइन यांचे या नावाचे पुस्तक २००८ मध्ये आले आणि २०१७ मध्ये थेलर यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दोन्हींत फरक आहे, पण कार्यालयाच्या संदर्भात ते हातात हात घालूनच येतात.

घरी चालते ते कार्यालयात का चालत नाही?

घरचे वीजबिल आपण भरतो, कार्यालयाचे कंपनी भरते. अमेरिकेत ‘ओपॉवर’ कंपनीने लाखो घरांना त्यांच्या वापराची शेजाऱ्यांशी तुलना करणारी पत्रे पाठवली, तेव्हा वीजवापर सरासरी दोन टक्क्यांच्या आसपास घटला. तिथे वाचलेला प्रत्येक डॉलर त्या घराचाच होता. कार्यालयात बचत करणाऱ्याच्या खिशात काहीच पडत नाही. शिवाय दिव्याचे बटण, एसीचा थर्मोस्टॅट, प्रिंटर हे सगळे सामायिक असते, आणि जे सगळ्यांचे ते कोणाचेच नसते.

दुसरे कारण मोजमापाचे आहे. ‘सेबी’च्या नियमांनुसार बाजारमूल्यानुसार आघाडीच्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ हा व्यवसाय-जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. त्यात प्रशिक्षणाचा रकाना आहे. किती कार्यक्रम झाले, विषय कोणते होते आणि किती टक्के कर्मचारी त्यात आले, हे तिथे विचारले जाते. प्रशिक्षणानंतर कोणाचे वागणे बदलले, हे तो रकाना विचारत नाही. मग मनुष्यबळ विभागाचे लक्ष साहजिकच शंभर टक्के ‘पूर्ण’कडे लागते. हजेरी घेतली म्हणजे शिकवले, असे मानणाऱ्या शाळेसारखाच हा प्रकार झाला.

वैमानिकांवरचा प्रयोग काय होता?

कामाच्या ठिकाणच्या वागण्यावर झालेला सर्वात नेटका प्रयोग म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो ‘व्हर्जिन अटलांटिक’ या ब्रिटिश विमान कंपनीत झाला. ग्रीअर गॉसनेल, जॉन लिस्ट आणि रॉबर्ट मेटकाफ या अर्थतज्ज्ञांनी फेब्रुवारी ते सप्टेंबर २०१४ असे आठ महिने कंपनीच्या ३३५ कॅप्टनांचा अभ्यास केला. सुमारे ४० हजार उड्डाणे तपासली गेली.

इंधन हा विमान कंपनीच्या सर्वात मोठ्या खर्चांपैकी एक. किती इंधन जळेल यात कॅप्टनच्या निर्णयांना बरेच महत्त्व असते. संशोधकांनी असे तीन निर्णय निवडले. पहिला उड्डाणापूर्वीचा : विमानाचे अंतिम वजन कळल्यावर किती इंधन भरायचे याचा हिशेब पुन्हा करणे. जास्तीचे इंधन म्हणजे जास्तीचे वजन, आणि ते वाहून नेण्यासाठी पुन्हा इंधन. दुसरा निर्णय हवेतला, म्हणजे वेग, उंची आणि मार्गाची कार्यक्षम निवड. तिसरा उतरल्यानंतरचा : धावपट्टीवरून फाटकापर्यंत जाताना किमान एक इंजिन बंद ठेवणे. या तिन्हींचे ज्ञान कॅप्टनांना आधीपासून होते. हे अतिशय प्रशिक्षित लोक. त्यांना ‘इंधन वाचवा’ असे सांगण्याची गरज नव्हती.

कॅप्टनांचे चार गट पाडण्यात आले. आपल्या इंधनवापराचा अभ्यास होणार आहे, एवढेच पहिल्या गटाला कळवले. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला महिन्याला एक पत्र जात असे : गेल्या महिन्यात या तीन गोष्टी तुम्ही किती उड्डाणांत केल्या. तिसऱ्या गटाला या माहितीसोबत वैयक्तिक लक्ष्य दिले. ते प्रत्येकाच्या आधीच्या कामगिरीवरून ठरवलेले होते आणि गाठल्यास पत्रात अभिनंदनाची ओळ असे. चौथ्या गटाला माहिती, लक्ष्य आणि शिवाय प्रत्येक लक्ष्य गाठल्यावर त्या कॅप्टनने निवडलेल्या संस्थेला १० पौंडांची देणगी. तीन लक्ष्ये आणि आठ महिने धरता एका कॅप्टनच्या नावे जास्तीत जास्त २४० पौंड.

बक्षीस, बढती, दंड यातले काहीच नव्हते. कामगिरीचा तक्ता भिंतीवर लावला नव्हता आणि एकाचा आकडा दुसऱ्याला कळत नव्हता. सुरक्षेसाठी आवश्यक वाटल्यास वेगळा निर्णय घेण्याचा कॅप्टनचा अधिकार अबाधित होता. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण इंधन वाचवण्याच्या नादात पायलटने जोखीम पत्करणे कोणालाच परवडणारे नव्हते.

निष्पन्न काय झाले?

आठ महिन्यांत ६,८०० टनांहून अधिक इंधन वाचले, कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन सुमारे २१,५०० टनांनी घटले आणि कंपनीचे सुमारे ३३ लाख पौंड वाचले. खर्च मुख्यतः पत्रे तयार करून पाठवण्याचा आणि देणग्यांचा.

आकड्यांहून अधिक बोलका भाग पुढचा आहे. फक्त ‘अभ्यास होणार आहे’ एवढेच कळलेला पहिला गटही सुधारला, आणि तोही लक्षणीय. आपल्याकडे कोणी पाहते आहे या जाणिवेनेच माणूस वेगळा वागतो. दुसरे म्हणजे नुसत्या माहितीपेक्षा वैयक्तिक लक्ष्य अधिक परिणामकारक ठरले. आणि देणगीने लक्ष्याच्या परिणामात फारशी भर घातली नाही, मात्र त्या गटातील कॅप्टनांनी कामातील समाधान अधिक असल्याचे सांगितले. म्हणजे देणगीमुळे इंधन आणखी वाचले नाही, पण माणसे खूश राहिली. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हीही काही कमी गोष्ट नाही.

येथे एक प्रश्न मात्र विचारायलाच हवा. वाचलेल्या ३३ लाख पौंडांपैकी ते वाचवणाऱ्यांच्या वाट्याला काय आले? पत्र आणि शाबासकी. लठ्ठ पगाराच्या कॅप्टनला ते चालेल. तेच तत्त्व कमी पगारावरील चालक किंवा गिरणीतल्या कामगाराला जसेच्या तसे लावले तर ती पर्यावरणाच्या नावाखाली फुकटची जादा मेहनत ठरू शकते.

आवाहन की डिफॉल्ट?

स्वीडनमधील एका मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात योहान एगेबार्क आणि मॅथियास एकस्ट्रॉम यांनी कागदाच्या वापरावर प्रयोग केला. कागद वाचवण्याचे नैतिक आवाहन कर्मचाऱ्यांना केले, त्याचा परिणाम शून्य. मग प्रिंटरची मूळ सेटिंग एकपाठी छपाईवरून पाठपोट छपाईवर नेली. ज्याला एकाच बाजूला छापायचे असेल त्याने सेटिंग बदलावी, मनाई नाही. कागदाचा वापर १५ टक्क्यांनी घसरला आणि ही घट टिकली. कोणालाही काही शिकवावे लागले नाही.

पण डिफॉल्टलाही मर्यादा आहे. ‘ओईसीडी’च्या पॅरिसमधील कार्यालयांत हिवाळ्यात हीटरचे मूळ तापमान बदलून पाहिले गेले. एक अंशाने कमी केले तेव्हा बहुतेकांनी ते तसेच राहू दिले. दोन अंशांनी कमी केल्यावर थंडी वाजू लागलेल्यांनी उठून थर्मोस्टॅट फिरवला, आणि मोठ्या बदलातून मिळालेली बचत छोट्या बदलापेक्षा कमी भरली. धक्का हलका असेल तोवरच तो धक्का वाटत नाही.

भारतात याचे मोठे उदाहरण एसीचेच. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो अर्थात ‘बीईई’ने १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-एसींची मूळ सेटिंग २४ अंश ठेवणे उत्पादकांना बंधनकारक केले. तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरोचे गणित आहे. ग्राहक हवे तर तापमान कमी करू शकतो. रिमोटमध्ये शेवटचा आकडा टिकून राहत असेल तर ही सेटिंग पहिल्याच उकाड्यात निकालात निघते, आणि मोठ्या कार्यालयांतील केंद्रीय वातानुकूलनाला तर हा नियम लागूच नाही. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीसाठी २० ते २८ अंशांची मर्यादा घालण्याचा विचार बोलून दाखवला. ती आली तर तो हलका धक्का राहणार नाही, सक्ती होईल.

जाता जाता : कार्यालयांतल्या तापमानाचे जुने मानक १९६० च्या दशकातले असून ते सत्तर किलो वजनाच्या, चाळिशीतल्या पुरुषाच्या चयापचयावर बेतलेले आहे, असे ‘नेचर क्लायमेट चेंज’मधील २०१५ च्या एका अभ्यासाने दाखवले. भर मे महिन्यात शाल पांघरून काम करणाऱ्या सहकारी महिलांना हे सांगायला संशोधनाची गरज नव्हती. तापमान दोन अंश वाढवा असे प्रशिक्षणात सांगण्याआधी ‘तुम्हाला थंडी वाजते का’ एवढे विचारले तरी बऱ्याच ठिकाणी काम भागेल.

गुणतक्ते आणि बिल्ले का उलटतात?

प्रशिक्षणाचे ॲप घेतले की त्यात गुण, बिल्ले आणि क्रमवारी ओघाने येतात. ‘या आठवड्यात लेखा विभाग पहिला, विक्री विभाग शेवटचा.’ खेळीमेळीचे वाटते, पण कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस गावात सुमारे ३०० घरांवर झालेला २००७ चा अभ्यास सावध करतो. सरासरीपेक्षा जास्त वीज वापरणाऱ्यांना सरासरी कळवली तेव्हा त्यांचा वापर घटला. मात्र सरासरीपेक्षा कमी वापरणाऱ्यांचा वापर वाढला! आपण उगाचच काटकसर करत होतो, असे त्यांना वाटले असावे. त्यांच्या पत्रावर एक हसरा चेहरा काढल्यावर ही वाढ जवळपास थांबली. एवढ्याशा तपशिलाने निकाल फिरतो.

क्रमवारी धाकाचे साधन बनते तेव्हा काय होते, याचे उदाहरण पर्यावरणाबाहेरचे आहे, पण लागू पडणारे. कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथील डिस्नेलँडच्या हॉटेलांच्या धुलाई विभागात कामगारांचा वेग मोठ्या पडद्यांवर नावानिशी दाखवला जाऊ लागला. कामगारांनी त्या पडद्याला ‘इलेक्ट्रॉनिक चाबूक’ म्हटल्याचे २०११ मध्ये ‘लॉस एंजलिस टाइम्स’ने छापले. मागे पडू नये म्हणून लोक स्वच्छतागृहात जाणेही टाळू लागले, असे त्या बातमीत होते. वैमानिकांच्या पत्रात आणि या पडद्यात तंत्र एकच : कामगिरी मोजा आणि दाखवा. पत्रात मात्र माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होती, आणि ती खासगी होती.

महाराष्ट्रात हे कुठे लागू होईल?

एसटीच्या आगारांत डिझेलचा हिशेब हा रोजचा विषय. दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर गेली, हा आकडा चालक आणि आगार व्यवस्थापक दोघांच्याही तोंडी असतो. १९७८ मध्ये स्थापन झालेली ‘पीसीआरए’ ही केंद्र सरकारची इंधन संवर्धन संस्था परिवहन महामंडळांच्या चालकांना इंधन-बचतीचे प्रशिक्षण देत आली आहे : विनाकारण इंजिन चालू न ठेवणे, योग्य गिअर, अचानक ब्रेक टाळणे. तंत्र चालकांना ठाऊक आहे. अडचण तुलनेची आहे. आंबेनळी घाट चढणाऱ्या जुन्या गाडीचा आकडा सपाट महामार्गावरच्या नव्या गाडीशी लावला की चालकाचा विश्वास त्याच क्षणी उडतो. त्याच मार्गावर, त्याच प्रकारच्या गाडीवर, त्याच चालकाच्या मागील महिन्याशी तुलना केली तरच आकड्याला अर्थ येतो. वैमानिकांच्या प्रयोगातून एसटीला उचलण्यासारखे काही असेल तर ते हेच.

नेमक्या जागी इशारा देण्याचे उदाहरण मुंबईच्या लोकलमार्गावर आहे. मोटरमनने मोटारींचा वीजपुरवठा तोडून गाडी तिच्याच वेगावर जाऊ द्यावी, यासाठी रुळांलगत ‘कोस्टिंग’चे फलक असतात. वर्गात शिकवलेले तत्त्व जिथे वापरायचे, तिथेच डोळ्यांसमोर येते.

सरकारी पातळीवर ‘मिशन लाइफ’ची सुरुवात ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातमधील एकतानगर येथे झाली. त्यात व्यक्तींनी करायच्या ७५ कृतींची यादी आहे. सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या ‘आयगॉट कर्मयोगी’ या प्रशिक्षण मंचावर अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर ‘कर्म पॉइंट’ मिळतात. पण पॉइंट अभ्यासक्रमाचे आहेत, पंखा बंद केल्याचे नाहीत. आणि ७५ कृती एकदम कोणीच करत नाही. वैमानिकांना तीनच दिल्या होत्या.

हे परिणाम कितपत विश्वासार्ह?

थोडे पाणी घालूनच घ्यावेत. स्टेफानो डेला व्हिग्ना आणि एलिझाबेथ लिनोस यांनी अमेरिकेतील दोन ‘नज’ पथकांचे १२६ प्रयोग तपासले. त्यात दोन कोटींहून अधिक लोक होते. विद्वत्पत्रिकांत छापून आलेल्या प्रयोगांत सरासरी परिणाम ८.७ टक्के-बिंदूंचा, तर या पथकांच्या सर्व प्रयोगांत मिळून तो १.४ टक्के-बिंदूंचाच निघाला. फसलेले प्रयोग छापले जात नाहीत, हे त्याचे एक मोठे कारण. टिकण्याचे म्हणाल तर ‘ओपॉवर’ची पत्रे दोन वर्षांनी थांबवल्यावर परिणाम वर्षाला दहा ते वीस टक्क्यांनी विरत गेला. एकदाचे प्रशिक्षण वर्षभर पुरेल, ही अपेक्षा त्यामुळे फोल ठरते.

शिवाय पश्चिमेला तोंड करून काचेची इमारत बांधायची आणि मग आतल्यांना एसी जपून वापरायला शिकवायचे, यात एक गंमत आहे. इमारत, खरेदी, वाहनांचा ताफा यांचे निर्णय ज्या मजल्यावर होतात, तिथल्या लोकांना सहसा कोणी मासिक पत्र पाठवत नाही.

कर्मचारी नकार देऊ शकतो का?

ग्राहकाची फसवणूक करणाऱ्या रचनांवर भारतात नियम आले आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि तेरा प्रकार नोंदवले. त्यात नकार देणाऱ्याला शरमिंदा करणारा मजकूर आहे आणि पुन्हा पुन्हा पिच्छा पुरवणेही आहे. प्रशिक्षणाच्या ॲपमध्ये ‘नको, मला पृथ्वीची पर्वा नाही’ असे बटण दिसले तर ते याच जातीचे. पण ही तत्त्वे ग्राहकासाठी आहेत. कर्मचारी त्यात बसत नाही.

माहितीच्या बाबतीत तर पारडे मालकाकडेच झुकते. कोण किती वाजता दिवा बंद करतो, कोणाच्या संगणकाने रात्रभर वीज खाल्ली, हे टिपणारी यंत्रणा हजेरी आणि देखरेखीसाठीही वापरता येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ७ मध्ये रोजगाराच्या कारणासाठी माहिती वापरण्यास संमतीची अट नाही. त्यामुळे हरित प्रशिक्षणासाठी गोळा केलेला आकडा वार्षिक मूल्यमापनात जाणार की नाही, हे कंपनीच्या लेखी धोरणात काय म्हटले आहे त्यावर ठरेल. ॲप उघडण्याआधी ते धोरण मागून घेता येते, आणि संघटना असेल तर तिच्यामार्फत त्यात वैयक्तिक आकडे खासगी ठेवण्याची अट घालूनही घेता येते.